तुमच्या मागे बर्फ आहे, सर

सर, पारनेरच्या स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला आहे आणि तुमच्या मागे बर्फ आहे.

वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून वीसेक नावं, आणि मध्ये तुम्ही. मागे पांढराशुभ्र डोंगर, पायथ्याला निळं तळं, तळ्यात दोन हंस, कोपऱ्यात धबधबा. मी नगरच्या एसटीतून उतरले आणि पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले, तरी तो पुरता गेलेला नाही. गेलेल्या माणसाला रागाने लिहू नये हे मला कळतं. पण आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लिहायला बसले आणि 'त्यांचे कार्य थोर होते' हे वाक्य तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं. तुम्ही ते वाचून हसला असता. म्हणून सरळ तुमच्याशीच बोलते.

आपल्या तालुक्यातले उघडे माळ आणि बोडके डोंगर ज्याने तीस वर्षं फोटोत धरले, त्याच्या मागे शेवटी कुठल्या तरी परदेशातला बर्फ. आणि तुमचा चेहराही धड नाही. स्वतःचा फोटो तुम्ही कधी कुणाला काढूच दिला नाहीत, त्यामुळे तो कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतला आहे. डाव्या खांद्यावर नवरदेवाच्या गुलाबी फेट्याचा शेमला अजून शिल्लक आहे.

मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आले ती पासपोर्ट फोटोसाठी. बारावी होऊन नगरला बी.ए.ला प्रवेश घ्यायचा होता. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म याआधी कुणी भरलाच नव्हता, त्यामुळे फोटो किती लागतात हेही कुणाला सांगता येईना. मी अंदाजाने पन्नास म्हणाले.

"पन्नास? कॉलेजात चाललीस का निवडणुकीला उभी ऱ्हातीस?" तुम्ही विचारलंत.

माझे कान गरम झाले. मी आठ म्हणाले. तुम्ही फोटो कापायला बसलात आणि मी खाली बघायचं टाळायला वर बघितलं, तर भिंतीवर तो मोठा फोटो. संध्याकाळचं पिवळं गवत, लांबपर्यंत उतरत गेलेली डोंगराची सोंड, तिच्या अंगावर बारीक आडव्या रेघा, आणि वर पुष्कळ आभाळ. बाकावर एक आजीबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "महाबळेश्वर हाय न्हवं ह्ये?" तुम्ही फोटो कापत राहिलात. मी म्हणाले, "नाही आजी, हा आमच्या वाडीचा डोंगर आहे." आणि मग भीत भीत तुम्हाला विचारलं, "पण सर, इथल्या पवनचक्क्या कुठे गेल्या?"

तुमची कात्री थांबली. "सर म्हनू नको. मी नववी नापास हाय. आन तुला कसं ठावं, तितं पवनचक्क्या हायत ते?"

"माझे वडील तिथे वॉचमन आहेत."

"अण्णांची पोरगी व्हय तू!" तुम्ही मोठ्याने म्हणालात. "मंग आधी सांगायचं न्हाई का! त्येंच्या हातचा चा पिऊन पिऊन तर ह्यो फोटो निघालाय."

मला हे काहीच माहीत नव्हतं. माथ्यावर पवनचक्क्यांची रांग आहे आणि त्यातल्या एकीच्या पायाशी अण्णांची पत्र्याची खोली आहे, एवढं माहीत होतं. कधीकधी एक फोटोवाले पाव्हणे येतात असं ते घरी सांगायचे. पण ते पाव्हणे त्यांच्या दारासमोरच ट्रायपॉड लावून, पवनचक्कीकडे पाठ करून, दोन-दोन तास उभे राहतात, हे मला तुमच्या दुकानात कळलं. मी तुम्हाला 'सर' म्हणायचं सोडलं नाही. तुम्ही मला 'कॉलेज' म्हणायला लागलात. "काय कॉलेज, आज सुट्टी का दांडी?"

तुमचे माझ्यावर उपकार आहेत, ते आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचणाऱ्याला मी कृतघ्न वाटेन.

पहिल्या वर्षी भूगोलाच्या बाईंनी प्रत्येकाला आपापल्या गावच्या जमिनीवर प्रकल्प करायला सांगितला. मी सुट्टीत घरी येऊन मोबाईलवर डोंगराचे तीस-चाळीस फोटो काढले आणि प्रिंट काढायला तुमच्याकडे आणले. तुम्ही एकेक बघत गेलात आणि म्हणालात, "ह्यात डोंगर कुठं हाय? ह्यो तर बटाटा हाय." मग माझं तोंड पडलेलं बघून जरा नरमलात. "किती वाजता काढले?"

"दुपारी. उजेड चांगला होता."

"बारा वाजता डोंगराला तोंड नसतं, कॉलेज. पाच वाजता जा. ऊन आडवं झालं की त्येच्या सुरकुत्या दिसत्यात." आणि तुमचा जुना छोटा कॅमेरा माझ्या हातात दिलात. पावती नाही, ओळखपत्र ठेवून घेणं नाही. एवढंच म्हणालात, "उजेड कुठून येतोय ते आधी बघायचं. बाकी सगळं मागनं."

मी पाच वाजता गेले. खोटं सांगत नाही सर, त्या डोंगराच्या पायथ्याला अठरा वर्षं राहून मी तो पाहिला नव्हता. ऊन तिरपं झालं तशा त्याच्या अंगावर एकाखाली एक रेघा उठायला लागल्या, वहीत पट्टीने ओढाव्यात तशा. पाणी अडवायला खणलेले चर होते ते. दुपारी ते दिसतच नाहीत, उन्हात बुजून जातात. फोटो आईला दाखवला तर आईने भाकरी तव्यावर तशीच ठेवून तो हातात घेतला. "ह्ये आमी खांदल्यात," ती म्हणाली. "दुष्काळी कामावर. खालून तिसरी वळ आमच्या टोळीची. तू पोटात हुतीस तवा." भाकरी करपली. आई फोटो बघत राहिली.

तेव्हापासून मला जमीन नुसती जमीन दिसत नाही. नगरला सावेडीत मी तीन मुलींबरोबर खोली करून राहते. गच्चीवरून समोर प्लॉट पाडलेली मोकळी जागा आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिच्यात जुन्या नांगरटीचे तास, फाळाने ओढलेल्या रेघा, दिसतात. दगड रोवलेत, बोर्ड लागलेत, तरी ते तास दिसतात. मी मैत्रिणींना दाखवते तर त्या म्हणतात, तुझं काहीतरीच. हे काहीतरीच तुमच्यामुळे लागलं. प्रकल्पाला बाईंनी सगळ्या वर्गासमोर चांगलं म्हटलं आणि मी भूगोलच घ्यायचं ठरवलं. हे तुम्हाला मी सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही. बहुतेक नाही.

पण पवनचक्क्यांचं भांडण मिटलं नाही.

मी दर सुट्टीत तोच प्रश्न घेऊन यायचे. तुम्ही माथ्यावर जाऊन पवनचक्कीकडे पाठ का करता? फोटोत माणूस आला की तो निघून जाईपर्यंत थांबता, शेळी आली तरी थांबता, हे असं का? तुम्ही म्हणायचात, "मानसं गेल्यावर जे ऱ्हातं ते मी काढतो. तुझ्या आईचं चर ऱ्हायलं का न्हाई?" मी म्हणायचे, पवनचक्कीही राहीलच की. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर होतं. "पवनचक्की कंपनीची. चर तुझ्या आईचं."

"पण अण्णांचा पगार पवनचक्कीचा येतो, सर. माझी फी त्यातूनच जाते."

"मंग अण्णांना घिऊन ये. पासपोर्ट काढून दितो, फुकाट."

असं हसण्यावारी न्यायचात. माझं म्हणणं इतकंच होतं की एकदा, एकच फोटो असा काढा ज्यात डोंगर आहे आणि अण्णाही आहेत. आमच्या अण्णांचा त्यांच्या कामाच्या जागी काढलेला एकही फोटो नाही. तुम्ही "बघू" म्हणायचात. तुमचं "बघू" म्हणजे काय ते गिऱ्हाइकांना माहीत होतं.

दुसरं भांडण बर्फाचं. तुमचं पोट लग्नांवर आणि फ्लेक्सवर. कुणी गेलं की नातेवाईक मोबाईलमधला एखादा फोटो घेऊन यायचे, तुम्ही तो कापून त्या बर्फाच्या डोंगरापुढे बसवायचात आणि वर-खाली मजकूर टाकायचात. एकदा मी दुकानात असताना शेजारच्या गावचा एक जण आजोबांचा फोटो घेऊन आला होता. तो गेल्यावर मी म्हणाले, "सर, तुमच्याकडे आपल्या डोंगरांचे एवढे फोटो पडलेत. त्यातला एखादा लावा की मागे. या आजोबांनी बर्फ कधी पाहिला तरी असेल का?"

त्या वेळी मात्र तुम्ही हसला नाहीत. माऊस सोडून माझ्याकडे वळलात. "ज्या मानसानं जलमभर टँकरची वाट बघितली, त्येच्या मागं मी पुन्यांदा बोडका माळच लावू? एवढं पानी तरी बघू दे की त्येला."

मला ते पटलं नाही. आजही नाही. आपला डोंगर भिंतीवर लावण्याएवढा चांगला असेल तर आपल्या माणसाच्या मागे लावण्याएवढा चांगला का नाही?

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत एकत्र झालं. तुम्ही एक नवी फ्रेम करून ठेवली होती. मला बघून म्हणालात, "ये कॉलेज, तुलाच दाखवायची हुती. अण्णांच्या दारातनं काढलाय." मी धावत आले. खरंच सांगते, मला वाटलं तुम्ही माझं ऐकलंत. फ्रेम उलटी होती ती तुम्ही सुलटी केलीत. पिवळं गवत, सोंड, चर, आभाळ. फार सुंदर फोटो होता. अण्णा नव्हते.

मी म्हणाले, "सर, तुमच्या या डोंगरात आणि त्या फ्लेक्सच्या बर्फात फरक काय? दोन्हीकडे कुणीच राहत नाही."

हे वाक्य मी नगरहून येताना एसटीत तयार केलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. तुम्ही गळ्यातल्या पंच्याने फ्रेमची काच पुसलीत. ती पुसलेलीच होती. मग म्हणालात, "चा घेतीस का?" मी म्हणाले, गाडीची वेळ झाली. गाडीला अजून पाऊण तास होता. मी तो स्टँडवर बसून काढला.

मग मी आलेच नाही. परीक्षा होती हे खरं आहे. परीक्षा संपली आणि तरी आले नाही हेही खरं आहे. मधे एकदा अण्णांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "फोटोवालं सर आल्तं आज वर. तुजी चौकशी करत हुते, कुठवर आलाय अभ्यास म्हनून." मी "हं" म्हणाले. पुढचा फोन तुम्ही गेल्याचा.

स्टँडसमोरचा तुमचा फ्लेक्स बघून मी तशीच दुकानात गेले. महेशदादा, म्हणजे तुमचा मुलगा, कम्प्युटरवर बसला होता. डोक्याचे केस काढलेले. त्याला बघून खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "दादा, सरांच्या मागे बर्फ का लावला?"

"टेम्प्लेट हाय ते," तो म्हणाला. "सगळ्यांना त्येच टाकतो. ऑर्डर आली की बोटं आपोआप तितंच जात्यात."

"पण हे सर आहेत."

"आन टेम्प्लेट कुनी बनवलंय? त्येंनीच. पुन्यावरनं सीडी आनून, तळं एकातनं, हंस दुसऱ्यातनं." त्याने डोळे चोळले. "हे बघ, मला भांडायचं त्रान न्हाई. दशक्रियेला घरात लावायची फ्रेम करायचीय. तुला दुसरं कायतरी पायजे ना? मंग शोध. ह्यो कम्प्युटर, ही हार्डडिस्क. तीन दिवस हायत. पन पप्पा त्यात दिसले पायजेत, येवढंच."

तीन दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसले, सर. आणि आता मी जे बोलणार आहे त्याबद्दल माफ करा, पण तुम्ही फार वाईट माणूस होतात. एका फोटोवर गाव नाही, डोंगराचं नाव नाही, काही नाही. फोल्डरची नावं काय तर 'नवीन', 'नवीन २', 'नवीन नवीन'. मी तुम्हाला किती वेळा म्हणाले होते, जागा लिहून ठेवा. तुम्ही म्हणायचात, "ज्याचा डोंगर त्येला कळतोय." आणि बाकीच्यांनी काय करायचं? मला त्यातले सात ओळखता आले. गोदावरीच्या घाटाचा एक पुणतांब्याचा आहे, तो एवढ्यासाठी कळला की तिकडून येताना तुम्ही पेरू आणले होते आणि दुकानभर वास सुटला होता. बाकीच्या शेकडो डोंगरांची माणसं कुठे आहेत, त्यांना तुमचे फोटो कधी दिसणार आहेत, कोण त्यांना सांगणार आहे की खालून तिसरी वळ तुमची? एवढं बघून ठेवलंत आणि कुणाला सापडू नये असं ठेवलंत.

त्या सातांतला एक मी निवडला आणि तुम्हाला त्याच्यासमोर बसवायला लागले. जमेना. डोंगरावर ऊन डावीकडून येतंय आणि तुमच्या चेहऱ्यावर लग्नातल्या फ्लॅशचा समोरून पडलेला पांढरा उजेड. तुम्ही तिथे चिकटवलेले दिसत होतात. मी चेहरा काळा केला, पिवळा केला, लहान केला. उजेड कुठून येतोय ते आधी बघायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत आणि त्यानेच माझी अडवणूक केली. गंमत म्हणजे बर्फापुढे तुम्ही अगदी बरोबर दिसत होतात. बर्फाचा उजेडही समोरूनच येतो.

तिसऱ्या दुपारी, सगळं संपल्यावर, एक फोल्डर दिसलं. नाव 'वाया'.

चांगल्या फोटोंना तुम्ही एक अक्षर लावलं नाहीत, पण वाया गेलेल्या प्रत्येक फोटोला नाव दिलंय. का वाया गेला त्याचं कारण. 'हलला.' 'शेळी आली.' 'ढग गेला.' 'पातं आलं', म्हणजे कोपऱ्यात पवनचक्कीचं टोक शिरलंय. आणि मग 'अण्णा आले'. 'अण्णा आले २'. 'अण्णा आले ३'. मी खाली खाली जात राहिले. अण्णा बादली घेऊन चाललेत. अण्णा वाकून चूल फुंकतायत. अण्णांची नुसती पाठ. अण्णा दोन्ही हातांत चहाचे ग्लास धरून थेट कॅमेऱ्याकडे येतायत आणि अर्धे हललेत. एकेचाळीस फोटो. एकही पुसलेला नाही.

मला काय वाटायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा. माझे वडील तुमच्याकडे एकेचाळीस वेळा आहेत. आणि माझे वडील तुमच्या 'वाया'मध्ये आहेत.

शेवटचा फोटो दिवाळीनंतरचा होता. माझ्या त्या वाक्यानंतर आठ-दहा दिवसांचा. जागा तीच, अण्णांचं दार. पिवळं गवत, सोंड, चर. पण सूर्य अगदी पाठीमागे खाली गेलेला, त्यामुळे मागे जे जे होतं ते सगळं सावली होऊन फोटोत आलंय. पवनचक्कीचा खांब उतारावर लांबच्या लांब पडलाय, त्याची तीन पाती चरांवरून पसरलीत. खांबाच्या शेजारी एक वाकलेला माणूस, त्याच्या पुढ्यात तीन पायांचा ट्रायपॉड. आणि त्याच्या बाजूला दुसरा माणूस, डोक्यावर टोपी, एक हात पुढे केलेला. फोटोचं नाव, 'अण्णा आले, मी पण आलो'.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "व्हय, हाय ना ध्यानात. मी चा घिऊन गेल्तो. म्या म्हनलं सर, सावली पडतीया तुमच्या फोटोत, जरा हिकडं सरा. तर म्हनले, असू द्या."

"असू द्या म्हणाले?"

"व्हय. आन काडला."

मग 'वाया'मध्ये कशाला टाकलात, सर? चुकून पडला की मुद्दाम ठेवला? माझ्या बोलण्याचं ते उत्तर होतं की नेहमीसारखी एक खराब फ्रेम? मी अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आगं, त्येंनी जपून ठेवायचं म्हनून तितं ठेवलं आसंल." अण्णा नेहमी तुमचीच बाजू घेतात. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आता ते होणार नाही आणि याचा मला इतका संताप येतो की काय करावं कळत नाही. अडीच महिने होते माझ्याकडे. पारनेर नगरहून काय लांब आहे?

तो फोटो मी मोठा छापून घेतला आणि तुमच्या घरी नेला. महेशदादाने तो हातभर लांब धरून बघितला. "ह्यात पप्पा कुठं हायत?"

मी बोट ठेवलं.

"ही तर सावली हाय. दशक्रियेला समदे पाव्हने येनार. हार सावलीला घालायचा का?"

मी काकूंकडे, महेशदादाच्या आईकडे, बघितलं. काकूंनी फोटो मांडीवर घेतला. तुमच्या वाकलेल्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असंच वाकायचे. कंबर दुखती म्हनायचे आन पुन्हा असंच." मला वाटलं जिंकले. मग त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे तुमच्या आईंची फ्रेम होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मागे बर्फ, तळं, दोन हंस.

"सासूबाईंना त्येंनीच तितं बसवलंय," काकू म्हणाल्या. "आता आई तितं आन ह्ये दुसरीकडं, हे बरं दिसतं का? बर्फाचाच ऱ्हाऊ दे, बाळा."

घरी येताना मला आमच्या भिंतीवरचे आजोबा आठवले. तेच तळं. शेजारच्या मावशींचे यजमान, तेच हंस. चुलत्यांचा तरुण मुलगा गेला होता, तोही तिथेच. ज्या ज्या घरात मी जेवले असेन त्या त्या घरात कुणी ना कुणी त्या एकाच पांढऱ्या डोंगरापुढे बसलेलं आहे. तुमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला डोंगर हाच, सर, आणि तो तुम्ही काढलेलाही नाही.

म्हणून ते वाक्य मी मागे घेते. बर्फात कुणी राहत नाही असं मी म्हणाले होते. आपली सगळीच माणसं तिथे राहतात. तुमच्या डोंगरात कुणी राहत नाही असंही म्हणाले होते. तिथेही दोघे उभे होते, फक्त फ्रेमच्या अलीकडे. हे मला दुकानात उभं राहून तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. चहा घेऊन. तरी एक गोष्ट मागे घेत नाही. अण्णांचा एक फोटो तुम्ही मुद्दाम काढायला हवा होता. त्यांना जवळ बोलवून, नाव घेऊन, उभे राहा म्हणून.

दशक्रियेच्या फ्रेममध्ये मी एकच बदल केला. आदल्या दिवशी महेशदादाकडून फाईल मागून घेतली आणि तासभर बसून तुमच्या खांद्यावरचा तो गुलाबी शेमला काढून टाकला. कड नीट घेतली. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तुम्ही म्हणायचात की काम बरोबर झालं की ते लक्षात येत नाही.

सावलीचा फोटो अण्णांच्या खोलीत लावला आहे, दाराच्या आतल्या बाजूला. अण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यो टोपीवाला मी व्हय? लई उंच दिसतोय की." मग बाहेर जाऊन ते त्याच जागी उभे राहिले, सावली जुळते का बघायला. तुमची जागा रिकामी ठेवून.

लावण्याआधी मी फोटोच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलं. आमच्या वाडीचं नाव, डोंगराचं नाव, खालून तिसरी वळ कुणाच्या टोळीची ते, वेळ संध्याकाळची, आणि फोटोत कोण कोण आहे ते, दोघांची पूर्ण नावं. तुम्हाला आवडणार नाही.

असू द्या.